त्याला बारावी पास होऊ दे

सध्या शनिवार-रविवार एक कथा लिहितोय. नायक अकरावीतला, त्याला वर्गातलाच एक मुलगा आवडतो. मित्राला वाचायला दिली तर म्हणाला, "शेवटी मरतो ना रे?" म्हणजे काय, मरायलाच पाहिजे का? तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मधली (१९८१) मित्रा आत्महत्या करते. कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'मधला (२००६) तनय मात्र जगतो. मला हा दुसरा रस्ता पटतो. आणि खलनायक तरी कशाला हवा? 'बायल्या' म्हणून हसणारा मागचा बाक आहे, "मुलीसारखा काय चालतोस" म्हणणारे प्रेमळ बाबा आहेत. तेवढं पुरे. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ३७७ मधला गुन्हा काढला, पण बाकावरचं हसणं कोर्टात थोडंच जातं! असो. सध्या पोरगा केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला अडकलाय. पार्टनर तोच मुलगा आहे.