बांधावरचा गडी

वाचकहो, दर वेळी तुमच्याशी बोलतो ते खताविषयी, बियाण्याविषयी, नाहीतर हुमणीविषयी. आज विषय वेगळा आहे. आज मला फुटबॉलविषयी बोलायचे आहे. हसू नका. एका शेतकऱ्याने मला सल्ला विचारला आणि उत्तर देताना माझी जीभ अडखळली, म्हणून हे लिहायला बसलो.

२०२५ च्या दिवाळीतली गोष्ट. करवीर तालुक्यातल्या एका गावात साडेतीन एकरांच्या धन्याच्या सोप्यात चहा घेत होतो. ऊस उभा, तोडीची वाट बघणे चालू. बोलता बोलता त्यांनी आतून एक छापील अर्ज आणून माझ्या पुढ्यात ठेवला.

"साहेब, पोरगं ऐकंना बघा. चौदा वर्साचं हाय. खेळाच्या वसतिगृहात घेत्यात म्हणं, सही मागतंय. तुम्ही शिकल्याली मानसं. मला एवढंच सांगा, ह्यात पिकतं काय?"

आमच्या कोल्हापूरकडे फुटबॉल नवा नाही. पेठापेठांतून तालमींचे संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला म्हणजे आसपासच्या गावांतली माणसे धारा लवकर उरकून निघतात. तेव्हा पोराला नाद लागला यात नवल नव्हते. पण मी लगेच बोललो नाही, कारण असाच प्रश्न मला २००४ साली दुसऱ्या एका गावात विचारला गेला होता.

तो मुलगा सतरा-अठरा वर्षांचा होता. उजव्या बाजूने वाऱ्यासारखा पळायचा. मुंबईच्या एका संघाने त्याला चाचणीला बोलावले होते. त्याच्या वडिलांनी माझा सल्ला विचारला आणि मी तरुण अधिकाऱ्याच्या ताठ्यात सांगितले, "खेळून कुणाचं पोट भरलंय? पोराला ठिबकचं प्रशिक्षण द्या." वडिलांनी ऐकले. पोरगा गेला नाही. आज तो ट्रॅक्टर चालवतो, स्वतःच्या शेतात आणि भाड्यानेही. ट्रॅक्टर महिंद्राचा आहे, आणि नेमकी हीच गोष्ट मला पुढे बोचत राहिली. माझ्या त्या सल्ल्यानंतर दोनच वर्षांनी, २००६ साली, मुंबईच्या महिंद्रा युनायटेड संघाने फुटबॉलची राष्ट्रीय लीग जिंकली. महाराष्ट्रातल्या संघाने ती जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

मातीचा नमुना न तपासता खताची मात्रा सांगणाऱ्याला आम्ही नावे ठेवतो. मी त्या दिवशी दुसरे काय केले होते? म्हणून या खेपेला चार दिवसांची मुदत मागून घेतली आणि या धंद्याची माती तपासली.

प्रथम कामाचे स्वरूप सांगतो. फुटबॉलचे मोठे मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, म्हणजे आपल्या हिशेबाने सत्तर गुंठे, पावणेदोन एकर. या रानाच्या दोन्ही लांब बांधांना धरून जे गडी पळतात त्यांना विंगर म्हणतात. चेंडू घेऊन बांधाबांधाने वर जायचे, आडवा येणाऱ्याला चुकवायचे आणि कडेवरून चेंडू असा उचलून मारायचा की तो गोलासमोर उभ्या असलेल्या आपल्या माणसाच्या डोक्यावर किंवा पायावर पडावा. गोल त्या माणसाचा, पेपरात नाव त्याचे. रात्रपाळीची वीज असताना थंडीत दारे धरणाऱ्याचे नाव पिकाच्या प्रदर्शनात कुणी घेते का? तसेच हे.

आता एका माणसाची हकीकत सांगतो. स्टीव्हन डायस, मुंबईचा, जन्म १९८३. उजव्या बाजूचा विंगर. महिंद्रा युनायटेडकडून तो नावारूपाला आला. २००८ साली दिल्लीत भारताने ताजिकिस्तानला ४-१ असे हरवून आशियाई चॅलेंज चषक जिंकला, त्या संघात तो होता. त्या दिवशी तीन गोल सुनील छेत्रीचे, एक बायचुंग भुतियाचा. ही दोन नावे तुमच्या घरातल्या पोरांना पाठ असतील, डायसचे नसेल. त्या विजयामुळे भारताला २०११ साली दोहा येथे आशिया चषकात खेळता आले. १९८४ नंतर प्रथमच. तेथे ऑस्ट्रेलिया, बहारीन आणि दक्षिण कोरिया, तिघांनीही आपल्याला हरवले, ते सोडा. सांगायचे ते एवढेच की डायस देशाच्या पहिल्या ओळीतला खेळाडू होता.

आणि तरी त्याचे बिऱ्हाड पाहा. २०१० साली महिंद्रा कंपनीने आपला संघच बंद केला. कंपनी ट्रॅक्टर विकत राहिली, संघ राहिला नाही. डायस गोव्याला चर्चिल ब्रदर्सकडे गेला. पुढे दिल्ली डायनॅमोज, पुण्याचा भारत एफसी, मुंबई एफसी. यातला भारत एफसी आय-लीगचा एकच हंगाम खेळून २०१५ साली मिटला. मुंबई एफसी २०१७ साली तळाला गेला आणि त्यानेही गाशा गुंडाळला. दिल्ली डायनॅमोज २०१९ साली भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. माणूस चांगला, काम चोख, पण ज्या ज्या रानात राबला त्यातली बहुतेक राने एकतर पडीक पडली, नाहीतर त्यांचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर झाला.

तुम्ही म्हणाल, ही तर सालगड्याची कथा. बरोबर तेच. पाडव्याला साल ठरते, पुढच्या पाडव्याला धनी ठेवील की नाही हे गड्याला माहीत नसते. फुटबॉलमध्येही करार ठरावीक हंगामांचाच. मधेच दुसऱ्या संघाला काही महिन्यांसाठी उसना देण्याचीही रीत आहे, पेरणीला बैल द्यावा तसा. युरोपात तर एके काळी साल संपले तरी गड्याचे दावे सुटत नसे. नवा धनी जुन्याला पैसे मोजेपर्यंत खेळाडूने बसून राहायचे. बेल्जियमचा जाँ-मार्क बोसमान नावाचा खेळाडू यावरून कोर्टात गेला, पाच वर्षे भांडला आणि १९९५ च्या डिसेंबरात जिंकला. तेव्हापासून तिकडे करार संपला की माणूस मोकळा. आपल्याकडचे दुखणे उलटे आहे. गडी मोकळाच असतो, धनीच टिकत नाही.

पूर्वी असे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. मुंबईत टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, रेल्वे, एअर इंडिया यांचे संघ असत. अनेक खेळाडू त्या त्या ठिकाणी नोकरीवर. पगार बेताचा, पण कायम नोकरी लागलेल्याला गुडघा गेल्यावरही टेबल-खुर्ची असायची. १९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली, पुढे २०१४ पासून इंडियन सुपर लीग आली, पैसा वाढला. चांगल्या खेळाडूला एका हंगामात जे मिळते ते आपल्याला ऊस दहा वर्षे विकून मिळणार नाही. मात्र चौतिशी-पस्तिशीला पाय थांबतात. आणि ज्या २०२५ साली हा अर्ज माझ्यासमोर आला, त्याच वर्षी पावसाळ्यात ही सुपर लीगच करारमदाराच्या भांडणात अडकून वेळेवर सुरू झाली नाही. काही संघांनी खेळाडूंचे पगार थांबवले.

आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव तुम्हाला ऐकून ठाऊक असेल. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात तो खेळला. कोल्हापुरात तेव्हा केवढे कौतुक! तोही बाजूने पळणाराच. त्यानंतर इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल आणि तोच पूर्वीचा दिल्लीचा, आता भुवनेश्वरचा, ओडिशा संघ. पंचविशी गाठेपर्यंत पाच घरे.

चौथ्या दिवशी मी हे सगळे त्या धन्यांना जसेच्या तसे सांगितले. त्यांनी मधे एकदाही तोंड उघडले नाही. शेवटी म्हणाले, "म्हंजे माल चांगला, पर बाजार खोटा."

"असंच काहीसं," मी म्हणालो. डायस खेळ संपल्यावर जमशेदपूरच्या संघात प्रशिक्षक म्हणून लागला, हेही सांगितले, म्हणजे पुढची वाट अगदीच बंद नाही. मग आम्ही दोघांनी तो अर्ज ओळ न् ओळ वाचला. शाळा बारावीपर्यंत चालू राहणार, दुखापतीचा खर्च कोण करणार, एक वर्षाने काढून टाकले तर दाखला कधी मिळणार. दुखापतीबद्दल त्यात काहीच लिहिलेले नव्हते. ते विचारून घ्यायला मी सांगितले. सही करा की नको करा, हे मात्र या वेळी मी बोललो नाही. घरातल्या बाईंनी दारातून विचारले, "तिथं जेवायला काय देत्यात, ते लिवलंय का?" तेही लिहिलेले नव्हते.

परतताना गाडी आपोआप त्या दुसऱ्या गावाकडे वळली. जुना पोरगा, आता चाळिशीला टेकलेला, ओढ्याकाठी ट्रॅक्टर धूत होता. त्याला मी एकवीस वर्षांत कधी न विचारलेले विचारले. "तेव्हा मी नको म्हणालो, ते माझं चुकलं का रे?"

त्याने पाण्याची बादली खाली ठेवली. "मला कसं कळायचं, साहेब? मी गेलोच न्हाई की." रागाने नाही, हिशेब सांगावा तसे म्हणाला. महिंद्राचा संघ बंद पडल्याची बातमी त्याने २०१० साली वाचली होती. कात्रण अजून घरात आहे म्हणाला. ते कशासाठी ठेवले, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

मग मी त्याला करवीरच्या त्या पोराविषयी सांगितले. त्याने फडक्याला हात पुसले.

"उजव्या पायाचं हाय का डाव्या?"

"उजव्या."

"मग डावा कच्चा आसंल. माझा बी हुता." ट्रॅक्टरवर चढता चढता तो म्हणाला, "ऐतवारी पाठवा त्याला हिकडं. सही हू दे न्हाईतर न हू दे."