हजार लेकरांची आई

आमच्या वसतिगृहाच्या व्हरांड्यातील कुंड्यांच्या रांगेत मादागास्कर बेटावरची एक वनस्पती गेली नऊ वर्षे नांदते आहे. शास्त्रीय नाव कलांचो डेग्रेमोंटियाना. मुले मात्र तिला ‘हजार लेकरांची आई’ म्हणतात. वास्तविक आमच्याकडे तिचे एकही झाड तीन वर्षांपलीकडे टिकलेले नाही. नांदतो आहे तो तिचा वंश.

मादागास्करच्या नैर्ऋत्येकडील कोरड्या, खडकाळ मुलखातील ही मूळ रहिवासी. रेमों-हामे आणि पेरिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९१४ साली तिची शास्त्रीय नोंद केली आणि एका फ्रेंच दांपत्याचे नाव तिला दिले. १८९६ पासून १९६० पर्यंत हे बेट फ्रान्सची वसाहत होते. ज्या मातीत ती उगवली, तेथील माणसे तिला कोणत्या नावाने हाक मारीत, याची खूण शास्त्रीय नावात उरलेली नाही. इतिहासाच्या तासाला आम्ही हे आवर्जून सांगतो. नाव ठेवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आमच्या मुलांना पुस्तकापुरता वाटत नाही.

तिच्या मांसल पानांच्या दातेरी कडांवर, प्रत्येक खाचेत, एकेक चिमुकले रोप फुटते. आपल्याकडील पानफुटी तिची सख्खी बहीण. तीही मूळची मादागास्करचीच. परंतु पानफुटीला बहुधा पान गळून मातीवर पडल्यावर कोंब येतात. हिची पिल्ले आईच्या अंगावर असतानाच मुळे धरतात व मग खाली पडतात. माती, जाडी वाळू आणि विटांचा चुरा समभाग घ्यावा, कुंडीला छिद्र असावे. पिल्ले पुरू नयेत, मातीवर नुसती ठेवावीत. माती पूर्ण वाळल्यावरच पाणी द्यावे आणि पावसाळ्यात कुंडी वळचणीच्या आत घ्यावी. दुष्काळापेक्षा लाडानेच ही अधिक मरते.

पाणी जपण्याची तिची रीत मुलांना थक्क करते. रात्रीच्या गारव्यात पानांची छिद्रे उघडून ती कार्बन डायऑक्साइड घेते, आम्लाच्या रूपाने साठवते आणि दिवसा छिद्रे मिटून तोच वापरते. १८१३ च्या सुमारास कंपनी सरकारच्या सेवेतील बेंजामिन हाइन यांनी भारतातच पानफुटीचे पान चघळून पाहिले, तेव्हा ते सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागले. ही पाने विषारी असल्याने आम्ही मुलांना ती चाखू देत नाही. पहाटेचा व सायंकाळचा रस आम्लतादर्शक कागदावर पाहतो. रंगातील फरक पाहण्यासाठी एरवी न उठणारी मुलेही पहाटे उठतात.

हिवाळ्यात उंच दांड्यावर गुलाबी घंटांसारखी फुले लोंबतात आणि त्यानंतर मूळ झाड वाळते. एका वर्षी सातवीतील एका मुलीने विचारले, “सर, फुलं आली की आई मरते, तर फुलं येऊच कशाला द्यायची?” त्या पावसाळ्यात तिची स्वतःची आई गेली होती. वर्गात शांतता पसरली. आम्हांस उत्तर सुचले नाही. आम्ही एक रिकामी कुंडी तिच्या हाती दिली आणि पिल्ले वेचावयास सांगितले. तिने सतरा वेचली. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांतील चार ती धाकट्या भावासाठी गावी घेऊन गेली.

आमच्याकडील पुष्कळ मुलांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. कोवळ्या वयात घरापासून तुटलेली ही लेकरे पाहताना वाटते, पडण्याआधी मूळ धरता यावे, एवढे तरी शाळेने करावे. मात्र उपमा येथेच थांबवावी लागते. ही पिल्ले आईची हुबेहूब प्रतिकृती असतात. पानांत वंश वाढवता वाढवता या जातीने सकस बी धरण्याची शक्ती गमावली आहे. आमची मुले आमची प्रतिकृती व्हावीत, असे आम्हांस कधीच वाटले नाही. त्यांनी आमच्याहून वेगळे, आमच्या पुढचे व्हावे.

स्नेहमेळाव्यास येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी पिल्ले कागदाच्या पुड्यांत बांधून ठेवली आहेत. अवश्य न्यावीत. कुंडी शेळ्यांच्या व गुरांच्या तोंडापासून दूर ठेवावी, पिल्ले बांधावर टाकू नयेत, आणि फुले आली म्हणजे नवी कुंडी भरून ठेवावी.