पुण्यात पाच दिवस, काम काही नाही

वाचकहो, तुम्ही पुण्याला शेवटचे कधी गेला होता, आणि कशासाठी?

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत शेती खात्याच्या नोकरीत माझी अठ्ठावीस वर्षे गेली. बांधावर, चावडीवर, डेअरीच्या ओट्यावर हा प्रश्न मी पुष्कळांना विचारला आहे. उत्तरे ठरलेली असतात. कोणी ससूनला पेशंट घेऊन गेलेला, कोणी वाटणीच्या दाव्याच्या तारखेला, तर कोणी गुलटेकडीला कांद्याची गाडी घेऊन. काम उरकले की मिळेल ती दौंडची गाडी नाहीतर शिरूरची एस. टी. धरायची आणि धारेच्या वेळेला घर गाठायचे. पुणे आपल्यापासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर, पण दवाखाना, कोर्ट आणि बाजार एवढ्या तीन दारांतूनच आपण ते पाहिलेले असते. नुसते राहायला, चार दिवस निवांत हिंडायला तिथे जाणारा शेतकरी मला तरी फारसा भेटला नाही.

फ्रान्स देशात १९३६ साली एक कायदा झाला आणि तिथल्या कामगाराला वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळू लागली. आज तिकडची पुष्कळ माणसे रजेत एखाद्या शहरात जाऊन चक्क बिऱ्हाड करतात. हॉटेलात न उतरता आठ दिवसांसाठी भाड्याने जागा घ्यायची, सकाळी बाजारातून भाजी-पाव आणून घरीच रांधायचे आणि दुपारी पाय नेतील तिकडे हिंडायचे. दहा ठिकाणे पाहण्याची घाई नाही. मला वाटले, यात आपल्याला नवे ते काय? पंढरपूरला जाणारी आपली मंडळी खोली घेऊन स्वतःचा स्वयंपाक करतातच. मात्र देवाचे निमित्त नसले तर असे कुठे जाऊन राहावे, हे आपल्या मनातही येत नाही.

म्हणून गेल्या जानेवारीत मी हा प्रयोग आमच्याच घरात केला. माझे थोरले बंधू दौंड तालुक्यात, कालव्याच्या पाण्यावर शेती करतात. दीड एकर ऊस, एकरभर कांदा आणि तीन संकरित गाई. वहिनींचे माहेर भीमेपलीकडे, शिरूर तालुक्यात जातेगावच्या बाजूला. त्यांच्या लग्नाला चौतीस वर्षे झाली. बाळंतपणे, मयती आणि माहेरची लग्ने सोडली तर गोठा सोडून त्या एक रात्रही बाहेर राहिलेल्या नाहीत. पुण्याला त्या चार वेळा गेल्या होत्या आणि चारही वेळा दवाखान्यात. पुणे म्हटले की त्यांना फिनेलचा वास आठवतो.

मी विषय काढताच दादा म्हणाले, "सगळं खरं, पण धारा कोण काढणार?"

प्रश्न खराच आहे. गाईला रविवार नसतो. पण हीच अडचण फ्रान्समधल्या दूधवाल्या शेतकऱ्यालाही होती. तिथे १९७० नंतरच्या दशकात गावोगावच्या शेतकऱ्यांनी मिळून बदली माणसाची सोय उभी केली. मालक आजारी पडला किंवा रजेवर गेला, की शिकलेला माणूस त्याच्या गोठ्यावर येतो. आपल्याकडे तशी संस्था नाही, पण शेजारी आहे. पेरणीला आपण सावड करतो ना? मग धारेला सावड का नको?

शेजारच्या वस्तीवरच्या जोडप्याशी बोलणे केले. पाच दिवस त्यांनी आमच्या गाई सांभाळायच्या. ते कोकणात लेकीकडे जातील तेव्हा दादा-वहिनींनी त्यांच्या सांभाळायच्या. एक गोष्ट मी आग्रहाने करवून घेतली. निघण्याआधी तीन दिवस शेजाऱ्याने वहिनींच्या समोर धारा काढल्या. गाय नव्या हाताला बुजते, पान्हा सोडत नाही, कासेत दूध राहिले तर दगडीची भीती असते. म्हणून हात आधी ओळखीचा व्हावा लागतो. कोणत्या गाईला किती आंबोण, किती वैरण, डॉक्टरांचा फोन कोणता, हे सगळे एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून गोठ्यात टांगले. कांद्याची लागण उरकलेली होती. उसाला पाणी देऊन झाले होते. निघायला हरकत उरली नाही.

केडगावला गाडीत बसलो. दादा, वहिनी, मी आणि सौ. अशी चार माणसे. बरोबर ज्वारी-गव्हाचे पीठ, डाळ, तिखट-मीठ आणि अर्धे पोते कांदे. नारायण पेठेत एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या. गॅसची शेगडी, चार भांडी, नळाला पाणी. दिवसाला अठराशे रुपये.

पहिली पहाट मला विसरता येणार नाही. साडेचारला जाग आली. पाहतो तर वहिनी खिडकीशी बसलेल्या, अंघोळ करून, केस विंचरून. खाली रस्त्यावर दिवे जळत होते, माणूस नव्हता.

"काय झालं वहिनी?"

"काही नाही भाऊजी. उठले, पण करायचं काय ते कळंना."

सौ.ने उठून चहा ठेवला आणि कप त्यांच्या हातात दिला. वहिनींनी तो बसल्या जागी, गरम असताना, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. दादा ते बघत राहिले. थोड्या वेळाने मला हळूच म्हणाले, "हिला बसून चहा पिताना मी पहिल्यांदा बघतोय."

सकाळी आम्ही चालत मंडईत गेलो. मंडईची दगडी इमारत १८८६ सालची, मधोमध उंच मनोरा. इंग्रज गव्हर्नर रे यांचे नाव तिला दिले होते. महात्मा जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. आधी शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव लागले. शेतकऱ्याचे दुःख मांडणाऱ्या माणसाचे नाव भाजीबाजाराला असावे, हे मला योग्यच वाटते.

वहिनी गाळ्यागाळ्यांतून हिंडल्या. मेथी हातात घेऊन मुळाशी वास घेतला, गवारीची शेंग मोडून पाहिली. कांद्याचा भाव विचारला आणि गप्प झाल्या. आठवड्यापूर्वीच्या आमच्या पट्टीवर जो भाव होता, त्याच्या दुपटीहून तो जास्त होता. पण मेथीची जुडी घेताना त्यांनी घासाघीस केली नाही. "जुडी बांधायला किती वेळ लागतो ते मला ठावं आहे," म्हणाल्या. त्या दिवशी दुपारी मेथीची भाजी, भाकरी आणि घरचा कांदा जेवून आम्ही दोन तास झोपलो. दिवसा झोपल्याबद्दल दादा संध्याकाळपर्यंत ओशाळलेले होते.

दुसऱ्या दिवशी बाजीराव रस्त्यावरचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिले. दिनकर केळकर यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या वस्तू तिथे आहेत. राजा हे त्यांच्या अल्पवयात वारलेल्या मुलाचे नाव. दिवे, कुलपे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, स्वयंपाकघरातली भांडी. राजेरजवाड्यांच्या तलवारींपुढे वहिनी थांबल्या नाहीत, पण या भांड्यांपुढे खूप वेळ थांबल्या. "आमच्या आईच्या घरी असलं होतं. मोडीत घातलं," एवढेच बोलल्या. वाचकहो, तुमच्या माळ्यावरही असे काही असेल. मोडीत घालण्यापूर्वी एकदा विचार करा.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना शिवाजीनगरला आमच्या कृषी महाविद्यालयात नेले. बी. एस्सी.ची चार वर्षे मी इथे काढली. त्या चार वर्षांत वडील एकदाच आले होते. पिठाचे गाठोडे माझ्या हातात दिले, पाणी प्यायले आणि उलट्या गाडीने परत गेले. संध्याकाळची धार होती. मीही "थांबा" म्हणालो नाही. पुणे दाखवायचे राहून गेले ते राहूनच गेले. ते आता नाहीत.

याच महाविद्यालयात डॉ. हॅरॉल्ड मान नावाचे इंग्रज प्राचार्य होते. त्यांनी आणि एन. व्ही. कानिटकर यांनी दख्खनमधल्या एका कोरडवाहू गावाचा घरोघर जाऊन अभ्यास केला. जमिनी किती, तुकडे किती, कर्ज किती. तो १९२१ साली पुस्तकरूपाने निघाला. ते गाव म्हणजे शिरूर तालुक्यातले जातेगाव बुद्रुक. हे ऐकून वहिनींना नवल वाटले. आपल्या माहेरच्या शिवारावर शंभर वर्षांपूर्वी पुस्तक झाले आणि ते आपल्याला कोणी सांगितले नाही, असे त्या म्हणाल्या. तो दोष आमच्यासारख्या शिकलेल्यांचाच आहे.

परत येताना जिल्हा न्यायालयापासून मंडईपर्यंत जमिनीखालून जाणाऱ्या मेट्रोत बसलो. हा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. कोर्टाच्या दारात येऊन तारीख नसण्याचे सुख दादांनी प्रथमच अनुभवले.

चौथ्या दिवशी पर्वती. पायऱ्या चढून वर गेलो, साऱ्या शहरावर नजर टाकली. उतरल्यावर जवळच एक कालवा वाहताना दिसला. दादांनी विचारले, "हे पाणी कुठलं?"

"आपलंच," मी म्हणालो. "खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा. इथून हडपसर, लोणी करत आपल्या शिवारात येतो."

दादा तिथे अर्धा तास उभे राहिले. तीस वर्षे ज्या पाण्यासाठी रात्री-अपरात्री दारे धरली, ते पाणी शहराच्या पोटातून येते हे त्यांना माहीत होते, पण डोळ्यांनी पाहिले नव्हते. पाण्यावर बाटल्या, पिशव्या, हार तरंगत होते. "आपल्या चारीत हे कुठून येतं ते आज कळलं," म्हणाले.

त्या रात्री खालच्या मजल्यावरचे आजोबा गप्पा मारायला आले. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासला फुटले आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या, तेव्हा ते लहान होते. पाणी कुठवर आले होते ते त्यांनी जिन्यातल्या भिंतीवर हाताने दाखवले. दादांनी त्यांना आवर्तन म्हणजे काय ते सांगितले. एकच पाणी शहर पिते आणि त्यावरच आपला ऊस जगतो. शहराने वापरलेले पाणी मुळा-मुठेतून रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि शिरूर-दौंडच्या काठांवरून पुढे जाते. दोघांनी एकमेकांचे ऐकून घेतले. आजोबा जाताना म्हणाले, "साठ वर्षे नळ सोडतो, पण त्याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते आज पाहिलं." दादांनी त्यांच्या हातात पाच किलो कांदे दिले.

पाचवा दिवस एम्प्रेस बागेत गेला. ही बाग ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या जुन्या संस्थेची आहे आणि जानेवारीत तिथे फुलांचे प्रदर्शन भरते. वहिनींनी गुलाबाची दोन कलमे विकत घेतली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी असे रोप घेतले, ज्याचा बाजारभाव पाहायचा नव्हता.

आता हिशेब. शेती खात्याचा माणूस हिशेबाशिवाय लेख संपवत नाही. जागेचे नऊ हजार झाले, ते आम्ही दोन घरांत वाटून घेतले. खाणे घरच्यासारखेच. प्रवास, तिकिटे किरकोळ. पाच दिवसांत दूध एकूण नऊ लिटर कमी भरले. एक गाय पहिले दोन दिवस रुसली, मग वळणावर आली. गोठा शाबूत होता, ऊस जागेवर होता, कांदा एक पान मोठा झाला होता.

तुम्हाला जायचे असेल तर काही सूचना. आवर्तन आणि तोडीची तारीख पाहून दिवस ठरवा. स्वयंपाकाची सोय असलेली जागा घ्या, म्हणजे खर्च निम्म्यावर येतो. जिना किती, पाणी केव्हा येते, ते आधी विचारा. आधार कार्ड जवळ ठेवा. दिवसाला एकच ठिकाण पाहा आणि दुपारी झोपा. सोबत दवाखान्याचे किंवा तलाठ्याचे कोणतेही काम जोडून नेऊ नका. आणि सर्वांत आधी धारेची सावड पक्की करा. शेजाऱ्याशी अबोला असेल तर तो मोडायला हे निमित्त चांगले आहे.

वहिनींची कलमे विहिरीजवळ लावली आहेत, दोन्ही फुटली आहेत. परवा गेलो तेव्हा शेजारी कोकणात गेलेले होते आणि दादा त्यांच्या गोठ्यात धार काढत होते. वहिनी ओट्यावर बसून चहा पीत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत. "बसा भाऊजी," म्हणाल्या, "चहा झाला की उठते."