उन्हाआधीचा बर्फ

प्रकाशा गावचा माणूस स्कीइंग करतो म्हटलं की शहाद्याच्या बसमध्ये लोक हसतात. हसू द्या. आमच्या जिल्ह्यात बर्फ म्हणजे कडाक्याच्या थंडीत डाब गावाकडे गवतावर गोठलेलं दव. ऊन चढलं की तेही गेलं. पण ऊन कसं चढतं हे खानदेशी माणसाला शिकवावं लागत नाही, आणि मार्चमधल्या गुलमर्गला निम्मी विद्या तीच आहे.

काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, मग वीस दिवस चिल्लई खुर्द, शेवटी दहा दिवस चिल्लई बच्चा. कडक थंडीचे हे सत्तर दिवस सरले की आपले पर्यटक म्हणतात, सीझन संपला. माझ्या मते शिकणाऱ्याचा सीझन तिथून सुरू होतो. जानेवारीचा भुसभुशीत बर्फ वळणातला आळस पोटात घालतो. मार्चचा घालत नाही.

दिवसा वरचा थर वितळतो, रात्री गोठतो. असं काही दिवस चाललं की कण गोल आणि मोठे होऊन बर्फ रवाळ बनतो. भल्या सकाळी तो इतका कडक असतो की स्कीची कड रुतत नाही. वरचा बोटभर थर सैल झाला आणि खालचा अजून घट्ट आहे, ती खरी वेळ. फार तर तास-दोन तास टिकते. गोमाई नदीच्या वाळूत टाच रोवली की ओल किती खोल आहे ते कळतं, तसा मी इथे बूट रोवून बघतो. पूर्वेकडचे उतार आधी सैल होतात, उत्तरेकडचे सर्वांत शेवटी. उन्हाच्या मागोमाग उतार बदलत गेलं तर तीच वेळ पुन्हा गाठता येते. गुलमर्गच्या २,६५० मीटरवरच्या मैदानात चिखल दिसला म्हणून परतू नका. गंडोल्याने (रोपवेने) वर गेलं की कोंगडूरीच्या टप्प्यावर बर्फ बराच जास्त टिकतो.

दुपारी लगदा झाला की स्की ओढल्यासारखी अडते. तळाशी पाण्याचा थर साचतो, त्यासाठी ओल्या बर्फाचं मऊ मेण लावायचं. वजन दोन्ही पायांवर सारखं ठेवायचं, वळणं लांब घ्यायची. मळकट पट्टे टाळायचे, तिथे स्की एकदम मंदावते. (भाड्याच्या स्कीचा तळ आधी उलटा करून बघा. मार्चपर्यंत दगडांनी तो सोललेला असतो.)

बूट घोट्यापर्यंत रुतू लागला, किंवा वरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले, की उतार सोडायचा. ओलं हिमस्खलन सावकाश येतं, पण त्याच्या वजनाखालून माणूस निघत नाही.

जाणार असाल तर रात्री आकाश बघून झोपा. आकाश निरभ्र असेल तर बर्फ गोठतो. रात्रभर ढग राहिले, तर सकाळी स्की भाड्याने घेऊच नका.