एक सेक्टर वजा

संगणकाला यूएसबी डिस्क जोडली की ड्रायव्हर आधी तिची चौकशी करतो. तू कोण, कुठल्या कंपनीची, तुझ्या शेवटच्या सेक्टरचा नंबर काय? सेक्टर म्हणजे डिस्कवरचा एक कप्पा, बहुतेकदा ५१२ बाइटचा. डिस्क सांगेल ते ड्रायव्हर खरं मानतो.

घोळ होतो तो इथेच. कप्प्यांची मोजणी शून्यापासून असते. १००० कप्पे असतील तर शेवटच्याचा नंबर ९९९. पण काही उपकरणं नंबर विचारला तरी एकूण संख्या सांगतात, १०००. चूक अर्ध्या केबीची. पण संगणक डिस्कच्या विभागणीची नोंद शोधताना शेवटचा कप्पाही वाचायला जातो, आणि तो तर नसतोच. काही उपकरणं ‘नाही’ म्हणून मोकळी होतात, काही तिथेच गोठतात.

आमच्या भोकरदनच्या घरी हेच झालं. अब्बांचा लॅपटॉप बंद पडला तेव्हा त्यातली डिस्क काढून स्वस्तातल्या केसिंगमध्ये घातली होती. तिच्यात त्यांची रमजानमधली तिलावत होती. नातवंडांना दखनीत सांगितलेल्या गोष्टी होत्या, मध्येच अम्मीचं “चाय ठंडी हो री” हे ओरडणंही. अब्बा गेल्यावर ती जोडली तर दिवा लुकलुकायचा आणि सगळं ठप्प. दुकानदार म्हणाला, डिस्क गेली, शहरात पाठवा, खर्च येईल. अम्मी काहीच बोलली नाही.

मी लिनक्सची नोंदवही उघडली. खराब झालेली डिस्क सहसा कुठेही अडखळते. ही मात्र दर वेळी एकाच नंबरवर अडत होती, आणि तो शेवटचा होता. म्हणजे डिस्क ठीक होती, चुकीचं सांगत होतं ते केसिंग. दुसरं केसिंग आणलं असतं तरी भागलं असतं, पण ईदची सुट्टी, दुकानं बंद. यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हरला ‘क्वर्क्स’ नावाचा पर्याय देता येतो. उपकरणाचे दोन ओळख क्रमांक लिहायचे आणि पुढे ‘सी’ हे अक्षर. अर्थ एवढाच की हा सांगेल त्यातून एक सेक्टर वजा धर. एक ओळ लिहिली, डिस्क पुन्हा जोडली. फोल्डर दिसले.

अशा उपकरणांची एक यादी लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. तिच्यात आयपॉड आहेत, निकॉनचे काही कॅमेरे आहेत. बऱ्याच नोंदींच्या वर ती अडचण कळवणाऱ्याचं नाव आहे. कुणाचं तरी उपकरण अडलं, त्याने कळवलं, आणि ड्रायव्हरने उपकरणापेक्षा त्या माणसावर विश्वास ठेवला.

अब्बांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून, त्यांच्या अर्ध्या वर्गासारखीच. मास्तरांनी टाकलेली. दादी सांगायची, बकरी ईदच्या आदल्या रात्री झाला. पण कुठल्या कचेरीत दादीचं नाव लिहून तारीख दुरुस्त होते?

बनावट पेन ड्राइव्हची गोष्ट वेगळी. तिथे आठ जीबीचा माल मुद्दाम चौसष्ट सांगतो आणि जागा संपल्यावर लिहिलेलं गिळतो. एक सेक्टर वजा करून तिथे भागत नाही. एफ३ नावाचं फुकट साधन पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचतं आणि खरं माप काढतं. अब्बांची रेकॉर्डिंगं ठेवायला नवे दोन ड्राइव्ह आणले, ते आधी त्याने तपासले. एकाला पूर्ण रात्र लागली.