बेमुदत

मुदत नाही अशी वस्तू आजकाल घरात शोधून सापडायची नाही. औषधाच्या बाटलीवर तारीख, दुधाच्या पिशवीवर तारीख, विम्याच्या हप्त्याला तारीख. आमच्याकडे तर लोणच्याच्या बरणीवरही सौभाग्यवतींच्या अक्षरात तारखेची चिठ्ठी असते. म्हणून कधीच न संपणारे हक्कही एके काळी बाजारात विकले जात, असे माझा भाचा परवा सांगू लागला, तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला.

हा भाचा मुंबईत ऑप्शनच्या व्यवहारात आहे. ऑप्शन म्हणजे थोडे पैसे मोजून राखून ठेवलेला हक्क. ठरलेल्या भावाने शेअर घेता येतो. घेतलाच पाहिजे अशी सक्ती नाही. मुंबईच्या कापूसबाजारातल्या जुन्या मंडळींना यात नवे काही वाटले नसते. खरेदीच्या हक्काला ते तेजी म्हणत, विक्रीच्या हक्काला मंदी. शेअरांवरचे असे हक्क आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने बंद झाले, ती बंदी १९९५ साली उठली आणि २००१ साली राष्ट्रीय शेअर बाजारात हा व्यवहार रीतसर सुरू झाला. पण या सगळ्यांना मुदत असते. तारीख उलटली की हक्क रद्दीत.

अमेरिकेत मात्र ट्राय-कॉन्टिनेंटल, अॅलेघनी अशा कंपन्यांचे बेमुदत वॉरंट होते आणि लोक त्यांची वर्षानुवर्षे खरेदीविक्री करीत. १९६५ साली पॉल सॅम्युअलसन या अर्थशास्त्रज्ञांनी वॉरंटांच्या किमतीवर निबंध लिहिला. त्याला हेन्री मॅक्कीन या गणितज्ञांनी गणिताची पुरवणी जोडली. गंमत अशी की, बेमुदत हक्काचे गणितच त्यातल्या त्यात सोपे. मुदत असली की रोज एक दिवस कमी होतो आणि हिशेब रोज बदलतो. बेमुदत हक्काला आज जेवढा काळ शिल्लक, तेवढाच वीस वर्षांनीही.

“मामा, सांगा पाहू,” भाचा म्हणाला, “शेअर शंभर रुपयांचा. तो शंभरालाच घेण्याचा हक्क, कायमचा. कंपनी लाभांश कधीच देणार नाही. हक्काची किंमत किती?”

मी भीत भीत वीस म्हणालो.

“शंभर!”

“अरे, मग शेअरच नाही का घेणार माणूस?”

“दोन्ही सारखेच. तुमचे शंभर बँकेत व्याज खात पडलेले बरे. द्यायचे ते जितके पुढे ढकलाल, तितके आजच्या हिशेबाने हलके. कायमचे ढकलले की शून्य.”

“मग हक्क वापरायचा केव्हा?”

“कधीच नाही.”

जी गोष्ट कधीच वापरायची नाही तिची किंमत पुरी शंभर! आमच्या सौभाग्यवतींना हे एका क्षणात पटले. त्यांच्या ट्रंकेत एक पैठणी आहे.

लाभांश आला की मात्र चित्र पालटते. कारण तो शेअरवाल्याला मिळतो; हक्क घेऊन बसलेला नुसता बघत राहतो. भाच्याने पाकिटाच्या पाठीवर मांडून दाखवले. व्याज पाच टक्के, लाभांश पाच टक्के आणि भावाची वर्षाची चढउतार वीस टक्के धरली, तर त्याच हक्काची किंमत साडेबावीस रुपयांच्या आसपास. शेअर सुमारे एकशे शहाऐंशीला पोचेपर्यंत हात लावायचा नाही. पोचला की त्याच दिवशी घ्यायचा. ती रेघ आजही तीच, नातवंडांच्या वेळीही तीच.

मला राहवले नाही. मी म्हटले, “असा एक हक्क माझ्याकडेही आहे.”

१९८७ साली डोंबिवलीची जागा घेताना मला पैशांची नड होती. राजापूरकडच्या आमच्या घरातला नि कलमांतला माझा हिस्सा तेव्हा दादांनी चाळीस हजाराला घेतला. कागद झाले, सह्या झाल्या, आणि ओटीवर सुपारी कातरता कातरता ते म्हणाले, “चाळीस हजार केव्हा आणशील तेव्हा आण. अर्धं घर तुझं. मुदतबिदत काही नाही.” या हक्काचे त्यांनी काही घेतले नाही. बाजारात असा हक्क लिहून देणारा माणूस पहिल्याच आठवड्यात बुडाला असता.

भाचा हसला नाही. “चाळीस हजारच? भाव वाढवला नाही मोठ्या मामांनी?”

“नाही.”

“आणि आंब्याचं?”

म्हणजे लाभांशाचे. ते आमच्याकडे दरवर्षी येते. मे महिन्यात एक पेटी, न सांगता. भाच्याने पाकीट पुन्हा उलटे केले, थोडा वेळ पेन्सिल चावली आणि म्हणाला, “मग गणिताप्रमाणे तुम्ही हा हक्क कधीच वापरू नये. फायदा बसल्या जागी मिळतोय.”

गणित बरोबर असेल. पण त्यात हक्क देणारा आणि घेणारा दोघेही हक्काइतकेच बेमुदत धरलेले असतात. दादा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांचे शब्द ऐकणारी साक्षीदार आमची आई होती, आणि ती जाऊनही पुष्कळ वर्षे झाली. चाळीस हजार आज माझ्याकडे सहज आहेत. पण ते पाकिटात घालून त्यांच्यापुढे ठेवणे मला जमेल असे वाटत नाही. त्यांनी ते घेतले तर वाईट, न घेतले तर त्याहून वाईट.

गेल्या पावसाळ्याआधी त्यांचा फोन आला होता. आवाज चढवूनच बोलतात, हल्ली ऐकू कमी येते. घराची डागडुजी काढली होती.

“तुझ्या बाजूच्या पडवीवर काय घालू? कौलं की पत्रा?”

मी म्हटले, “कौलं.”