पिस्टनची साक्ष

धरलेल्या, म्हणजे जाम झालेल्या चेनसॉचा सायलेन्सर उतरवला की एक्झॉस्टच्या चौकोनी तोंडातून पिस्टनची एक बाजू दिसते. दोरी हलके ओढत तो खालीवर करून बघावा. चांगल्या पिस्टनवर कारखान्यातल्या तासणीच्या बारीक आडव्या रेघा शाबूत असतात. धरलेल्या पिस्टनवर उभे, राखाडी, खरबरीत ओरखडे असतात आणि ॲल्युमिनियम वितळून सरकल्यामुळे रिंग खाचेतच रुतून बसलेली असते. पाहताना जीव हळहळतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा कोकणाला या मशीनची खरी गरज कळली. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोलीकडे पोफळीच्या वाड्याच्या वाड्या झोपल्या, जुने आंबे-फणस मुळासकट उलथून रस्त्यावर, कौलांवर पडले. कोयती-कुऱ्हाडीचं ते काम नव्हतं. चेनसॉ दिवसभर गुरगुरत राहिले आणि मग एकेक करून मेकॅनिकच्या फळीवर येऊन पडले.

आमच्या बाजारपेठेतले मेकॅनिक काका पूर्वी बजाजच्या स्कूटर उघडायचे. स्कूटर गेल्या, पण टू-स्ट्रोकची विद्या त्यांच्या हातात राहिली आणि आता ग्रास कटर आणि चेनसॉ तिच्यावर जगतात. या इंजिनाला ऑइलची वेगळी टाकी नाही. पेट्रोलात कालवलेलं टू-टी ऑइल, ५० ला १ म्हणजे लिटरमागे २० मिली, तेवढाच त्याचा आधार. पूर्ण थ्रॉटलला क्रँक मिनिटाला १२-१३ हजार फेरे घेतो. पिस्टन सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा खालीवर होतो आणि त्याच्या व सिलिंडरच्या मधे फक्त तेलाचा एक पापुद्रा असतो.

काका पिस्टन हातात घेऊन उजेडाकडे फिरवतात, एखादा वैद्य जीभ बघतो तसा. ऑइल न घालता नुसतं पेट्रोल ओतलं असेल, तर पिस्टन बहुधा चहूबाजूंनी सोलवटतो. फिल्टर फाटून लाकडाचा भुसा आणि धूळ आत गेली असेल, तर इनटेककडची बाजू घासून निस्तेज होते. आणि ओरखडे एक्झॉस्टच्याच बाजूला असतील, तर इंजिनाला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळालं. ती बाजू मुळातच सगळ्यात तापलेली. मिश्रण पातळ झालं की उष्णता वाढते, पिस्टन फुगतो आणि तिथेच पहिल्यांदा घासतो.

परवा एक वाडीवाला मुलगा आला, त्याच्या चेनसॉचा पिस्टन असाच, एकाच बाजूने सोललेला. त्याला नवं किट घालून संध्याकाळपर्यंत मशीन हवं होतं. काकांनी आधी विचारलं, "थ्रॉटल सोडल्यावर इंजिन लगेच खाली यायचं का रे?" मुलगा म्हणाला, "नाही काका, थोडा वेळ तसंच ओरडत राहायचं."

त्या उत्तरात अर्धं निदान होतं: कुठूनतरी जादा हवा आत शिरत होती. तरी आधी सिलिंडर बघायचा होता. स्कूटरचा सिलिंडर बिडाचा, बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन बसवता यायचा. चांगल्या चेनसॉचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा, आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ, कठीण मुलामा. त्याला बोअर मारायची सोय नाही. पण बऱ्याचदा त्यावरचा ओरखडा हा ओरखडा नसतोच. पिस्टनचं ॲल्युमिनियम भिंतीला चिकटलेलं असतं. काकांनी काडीच्या टोकाला कापूस गुंडाळला, ॲसिडमध्ये बुडवला आणि नेमका त्या डागावर टेकवला. बारीक फेस आला. पुसलं, पुन्हा टेकवलं. ॲसिड ॲल्युमिनियम खातं, मुलाम्याला सहसा धक्का लावत नाही. मात्र मुलामा उडालेला असेल तर खालचा सिलिंडरच खाऊ लागतं, म्हणून घाई चालत नाही. फेस थांबल्यावर पाण्याने धुऊन, बारीक पॉलिशपेपर फिरवून त्यांनी भिंतीवरून नख ओढलं. नख कुठे अडकलं नाही. सिलिंडर वाचला होता.

पुष्कळ ठिकाणी इथेच नवा पिस्टन घालून गिऱ्हाईक वाटेला लावतात. मला ते पाप वाटतं. कारण मूळ बिघाड तसाच ठेवून घातलेला पिस्टन पहिल्यासारखाच जळणार आणि दोष येणार नव्या पार्टवर. काकांनी सिलिंडर तात्पुरता चढवला, इनटेक आणि एक्झॉस्ट रबराचे तुकडे लावून बंद केले, प्लगच्या छिद्रातून अगदी हलका दाब भरला आणि साबणाचं पाणी सोडलं. क्रँकच्या सीलपाशी काही नाही. कार्बोरेटर आणि सिलिंडर जोडणाऱ्या रबरी नळीच्या घडीत मात्र एक बुडबुडा फुगला, फुटला, परत फुगला. केसाएवढी चीर होती. हाताने वाकवल्याशिवाय दिसलीही नसती.

नळी बदलली. मग नवा पिस्टन लावताना क्रँककेसच्या तोंडावर फडकं दाबून पिनची सर्क्लिप बसवली, कारण ती आत पडली तर सगळं इंजिन पुन्हा उघडावं लागतं. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगची दोन टोकं खाचेतल्या खिळीवर आली ना, हे काकांनी बोटाने दोनदा चाचपलं. टोक सरकून पोर्टमध्ये अडकलं की रिंग तुटते.

"काका, आता ऑइल जरा जास्तच घालत जाऊ ना?" मुलाने विचारलं.

"नको. ऑइल वाढलं तेवढं पेट्रोल घटलं, म्हणजे परत मिश्रण पातळच. वर एक्झॉस्टला काजळी धरेल." काकांनी लाल रंगाचा ब्रश घेतला आणि त्याच्या कॅनवर लिहिलं: ५ लिटर, १०० मिली. "आणि सुरुवातीला बारीक फांद्याच काप. पहिल्या दोन-तीन टाक्या झाल्या की घेऊन ये, कार्बोरेटरचा स्क्रू परत बघावा लागेल."